काळा की लाल-निळा

अक्षयाचं पत्र गणपतीनंतर लगेच आलं होतं. दिवाळी तोंडावर आली, तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

तिच्या वयाची पुण्यातली मुलं पत्रं लिहीत नाहीत. ती लिहिते, कारण माझा पत्ता घातलेली कार्डं मीच तिला देऊन ठेवली आहेत. तिनं लिहिलं होतं, "आजोबा, बाबा म्हणतात दोन दोन नकोत, एक सिद्धेशदादाला द्यायचा. कोणता ठेवू? तुम्ही दोन्हींबद्दल सगळं वाचलंय. खरं सांगा."

सिद्धेश म्हणजे तिचा चुलतभाऊ आणि दोन्ही म्हणजे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम. तिच्या वाढदिवसाला काळा मी दिला होता. लाल-निळा दिला तिच्या देवबागच्या आबांनी, म्हणजे माझे व्याही हरिश्चंद्र यांनी. एकमेकांना न विचारता.

माझं आयुष्य वाचनालयात गेलं. कुठलीही गोष्ट वाचल्याशिवाय मी करत नाही आणि वाचूनही बहुतेक करत नाही. ही मात्र केली. दोन्ही यंत्रांबद्दल मिळेल ते वाचलं. काळ्याचा पडदा मोठा, ताकद जास्त, खेळांचा साठा एखाद्या ग्रंथालयाएवढा. लाल-निळा हलका, पण साधा. शंकेला जागाच नव्हती. हरिश्चंद्रांनी दुकानात जाऊन "पोरांका आवडता ता दी" एवढंच सांगितलं होतं. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

गणपतीत देवबागला त्यांच्याकडे दर्शनाला गेलो, तेव्हा आजोबा-नात पडवीत बसले होते. लाल-निळ्याच्या दोन्ही बाजू निघतात. एक तिच्या हातात, एक त्यांच्या, आणि पडदा समोर पाटावर उभा. ही सोय मी वाचली होती. सुटे भाग हरवू शकतात, म्हणून ती दोषांत धरली होती.

"येवा व्याह्यांनू, बसा! अगो, परत दर्यात गेलंय मी!"

"आबा, वळणावर ब्रेक मारायचा असतो!"

"गाडी नको गो, माका होडी दी! होडी मी कधी बुडवूक नाय."

ती हसून हसून त्यांच्या मांडीवर कोसळली. माझ्या मांडीवर ती पुस्तक ऐकायला बसायची. तेव्हाही शांत बसायची. मी तिला कधी इतकं हसवलं होतं का, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

"तुमी पण एक डाव खेळान बघा," हरिश्चंद्रांनी आपला निळा तुकडा माझ्यापुढे धरला. "काय ह्येची पण पोथी वाचूची आसा अजून?"

"नको. मला नाही जमायचं," मी म्हणालो.

"काळा कसा आहे?" मी अक्षयाला विचारलं.

"भारी आहे आजोबा! चित्रं तर एकदम खरी वाटतात." मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "पण तो एकट्यानंच खेळायचा ना."

मग हरिश्चंद्रांनी घावन आणि नारळाचा रस खायला बसवलं. माणूस बरा आहे, आग्रह करकरून वाढत होता. त्याचाच जास्त राग येत होता.

त्यानंतर तिचं पत्र आलं. मी उत्तर लिहायला बसायचो आणि दोन्हींची तुलना मांडायचो. वाक्यं सगळी खरी असायची. पण लाल-निळ्याच्या बाजू सुटतात, हे एकाही मसुद्यात आलं नाही. कार्ड फाडायचो.

शेवटी गावच्या देवळात कौल लावायला गेलो. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर देवीचा होकार. काय विचारायचं ते गुरवाच्या कानात सांगितलं. तो हसला नाही, पण गाऱ्हाणं मोठ्यानं घालायचं असतं.

"बा देवी, ह्येंनी जो खेळ नातीक दिल्यानी, तो बरो आसा तर उजवो कौल दी गे आवशी!"

"व्हय म्हाराजा!" देवळातली दोन-चार माणसं म्हणाली. माझे कान तापले.

उजवी पाकळी पडली. ताबडतोब.

"झाला तुमचा काम," गुरव म्हणाला.

पायऱ्या उतरलो आणि तळ्याच्या काठावर बसून राहिलो. देवीनं कौल दिला होता. मी जिंकलो होतो. पण मी विचारलं होतं, माझा खेळ चांगला आहे का. तो चांगला आहेच. अक्षयानं ते कुठं विचारलं होतं? मी तिचा प्रश्न देवीपुढेही बदलून ठेवला होता.

घरी येऊन कार्ड घेतलं.

"चि. अक्षया, काळ्याचा पडदा मोठा, ताकद जास्त. ते सगळं खरं. सिद्धेशला तो आवडेल. तू लाल-निळा ठेव. त्याच्या बाजू निघतात आणि दोघांना खेळता येतं. दिवाळीत देवबागला जाण्याआधी इकडे उतर. मला काहीच येत नाही, मी सारखा दर्यात पडेन. देवबागला जाण्याआधी, हे विसरू नकोस."

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. नाही खोडलं.

टपालपेटीच्या फटीत कार्ड अर्धं घातलं आणि बोटं सुटेनात. हरिश्चंद्रांना हे कळणार, ते पडवीभर हसणार. मग सोडलं. पेटी नुकतीच रिकामी केलेली असावी. कार्ड तळाला आपटलेलं ऐकू आलं.