दुपट्यातलं झबलं

"बाय, माझा फोटू नको काढू. एकली बाई फोटूत बरी दिसत न्हाय." माझ्या केसरला तेल लावता लावता कृष्णाबाई म्हणाली होती. म्हातारीची खुळं, म्हणून मी हसले.

थळला आमच्या आळीतली निम्मी पोरं या बाईच्या पायांवर न्हाली आहेत. माझा नवरा दिपेशसुद्धा. तिला स्वतःचं मूल नाही, नवरा बोटीवरून परतलाच नाही. मी स्वयंपाकाला लागले की सात महिन्यांच्या केसरपाशी तीच असायची. तरी मला चैन पडत नसे, म्हणून जुन्या मोबाइलचा कॅमेरा चालू करून फळीवर ठेवायचे.

एका दुपारी त्यात दिसलं: कृष्णाबाईने केसरवरून मीठ-मोहरी ओवाळली, काहीतरी पुटपुटली आणि जाताना दोरीवरचं पिवळं झबलं कमरेला खोचलं.

मी तो व्हिडिओ आम्हा आयांच्या ग्रुपवर टाकला. नुसतं विचारलं, "हे काय असेल गं?"

माझी चुलत नणंद अमिषा किहीमला एका कॉटेजवर कामाला आहे. तिथे त्या आठवड्यात पाहुण्यांची भुतांची पार्टी होती, चेटकिणीच्या काळ्या टोकदार टोप्या घालून. तिने व्हिडिओत कृष्णाबाईच्या डोक्यावर तसलीच टोपी चिकटवली, मागे खिदळणं भरलं. सगळ्या हसल्या. मीही हसरा चेहरा टाकला.

तिसऱ्या दिवशी केसरला ताप भरला, आकडी आली. मग कुणी हसेना. ग्रुपवर येऊ लागलं, "पोरांची कापडं नेतात त्या." "माझं पोटातलं गेलं तवा हीच आलेली." नळावर एकीने टोमणा मारला, "काय गं प्राप्ती, तुझी चेटकीण आज आली न्हाय?"

डॉक्टर म्हणाले होते, तापात लहान मुलांना येते अशी आकडी, घाबरू नका. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. पोर हातात ताठ झाली तेव्हा मलाही क्षणभर तेच वाटलं होतं.

आणि मी इतिहासाची पदवीधर. युरोपात चेटकिणी म्हणून जाळलेल्या बायकांवर माझा प्रकल्प होता. किती म्हाताऱ्या, किती एकट्या, किती सुइणी, सगळ्यांचे तक्ते. वीसपैकी अठरा गुण.

रविवारी तिच्या दारावर दगड पडले. एक तिच्या कपाळाला लागला. मी खिडकी लावून घेतली, केसर झोपलीय हे निमित्त. दुसऱ्या दिवशी तिचा भाचा हरेश्वर तिला काशीदला घेऊन गेला. जाताना माझ्या हातात पिशवी दिली. "मावशीनं शिवलंय. पोरीला थंडी लागंल म्हनाली."

आत दुपटं होतं, झबल्यांचे तुकडे जोडून केलेलं. एका निळ्या तुकड्यावर बोट होती. दिपेश म्हणाला, "हे माझं." मधोमध केसरचं पिवळं.

मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, सगळं लिहून. पहिलं उत्तर आलं, "जाळून टाक."

कृष्णाबाई माझा फोन उचलत नाही, हरेश्वरही नाही. तिला तोंड दाखवायची मला हिंमत नाही. तुम्ही काशीदला जाताच की सुट्टीला. समुद्राकडे वळायच्या आधी गावात हरेश्वरचं घर विचारा. तिची जखम भरली का, ती जेवते का, एवढं बघून या. माझं नाव सांगू नका. आणि फोटो काढू नका.