कोऱ्या कागदावरचा अंगठा

परिषद पार पडली, हारतुरे झाले, पाहुण्यांच्या गाड्या धुरळा उडवत निघूनही गेल्या, आणि विनोदिनीच्या गळ्यात पडलं ते अभिप्रायांचं लोढणं. सन चव्वेचाळीस. लढाईवर गेलेल्या शिपायांच्या बायकापोरांची वास्तपुस्त करणाऱ्या सेविकांची ही साताऱ्यातली दोन दिवसांची परिषद. परिषद भरवणाऱ्या मंडळाच्या कचेरीत अक्षर चांगलं ते सांगलीहून आलेल्या, मॅट्रिक झालेल्या विनोदिनीचं. म्हणून प्रत्येकीला "परिषद कशी वाटली? काही सूचना?" असं विचारून लिहून घ्यायचं काम तिच्याकडे आलं.

शहरातल्या बायकांनी आपलं आपण खरडून दिलं. राहिल्या खेड्यांतल्या अकरा जणी. त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि बाहेर दहिवडीची मोटार भोंगा वाजवून कान किटवत होती. विनोदिनीनं शक्कल काढली. "आधी अंगठे उठवा, मग सांगा काय ते. मी मागाहून लिहीन." अकरा कोरे कागद, अकरा निळे अंगठे. केवढी ती हुशारी!

शेवटी आली रंगूबाई. म्हसवडजवळच्या एका वाडीची, पन्नाशीची, एकुलता एक लेक नाथाजी पलटणीत. अंगठा पदराला पुसत ती बोलायला लागली.

"आवं बाई, परिशद लय झ्याक झाली. पर एक लिवा. लढाईवरनं वंगाळ तार आली की पाटील ती चावडीवर मोठ्यानं वाचतोय. समदं गाव ऐकतंय, अन् जिचा दादला गेला ती पान्याला गेलेली. तसं नगं. तार आदी सेविकेच्या हातात द्या. आमी घरला जाऊ, हात धरू, मग सांगू. येवढंच हाय."

"बरं बरं."

"अन् माझ्या नाथाजीचं काय आलंच, तर मला सांगायला कोन? तुमीच या, बाई."

"येईन हो, येईन! सगळं होईल. चढा आता," विनोदिनी म्हणाली, आणि तिला जवळजवळ ढकलूनच तिनं मोटारीत बसवलं.

चिटणीस गंगाधरपंतांना अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता. विनोदिनीची मान मोडून आली होती. अकराही कागदांवर तिनं सुबक अक्षरात एकच ओळ उतरवली : परिषद उत्तम झाली, सूचना नाही. रंगूबाईच्या कागदापाशी टाक अडखळला, खोटं कशाला बोला. पण ती तारेची भानगड लिहायची म्हणजे पंत दहा प्रश्न विचारणार. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून तिनं तीच ओळ ओढली. अहवालात "ग्रामीण सेविका पूर्ण समाधानी" असं छापून आलं. पंतांनी चारचौघांत अक्षराची तारीफ केली, आणि बया खूशही झाली!

दोन महिन्यांनी रंगूबाईचं पत्र आलं, शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं. आमच्या वाडीतल्या हरणाबाईचा मालक लढाईत पडला. तार पाटलानं चावडीवर वाचली. ती आडावर होती, तिथं कुणीतरी ओरडत जाऊन सांगितलं. घागरीसकट कोसळली, कपाळ फुटलं. परिषदेत ठरलेलं पाटील मानत नाही, त्याला वरून दटावा.

परिषदेत ठरलेलं! ठरायला विनोदिनीनं ते पुढं जाऊ तर द्यायला हवं होतं. हरणाबाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण ते फुटलेलं कपाळ डोळ्यांपुढून हलेना. हे आपण केलं, आपल्या ह्या सुबक अक्षरानं केलं. तिनं पंतांना सगळं सांगून टाकलं.

"झालं ते झालं," पंत म्हणाले. "वर नवा अर्ज पाठवू. गावभर कशाला करता?"

पण जिचा अंगठा घेतला तिला तोंडावर सांगितल्याशिवाय जिवाला चैन पडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ती निघाली.

वाडीत पोचली तेव्हा दुपार कलली होती. रंगूबाई अंगणात हुलगे पाखडत होती. तिनं मान वर करून विनोदिनीला पाहिलं आणि हातातलं सूप गळून पडलं. हुलगे अंगणभर झाले.

"बाई," ती म्हणाली, "तुमीच आलासा."

विनोदिनीला आधी कळेना. मग कळलं. येईन हो येईन, असं आपणच नव्हतं का सांगितलं?

"नाही, रंगूबाई! तार नाही आली! नाथाजीचं काही नाही!"

रंगूबाईच्या कानात काही शिरत नव्हतं. तिनं हात पुढं केला. "आदी हात धरा माजा. मग सांगा."

विनोदिनी तिथंच मातीत बसली. तो हात दोन्ही हातांत धरून तिनं सांगितलं, पुन्हा सांगितलं, तार नाही, तार नाही. आणि मग रडत रडत उरलेलं : कोरा कागद, ती एक ओळ, सगळं.

"देवा सिद्धनाथा, राखलंस रं बाबा," रंगूबाईनं पदरात तोंड खुपसलं. मग डोळे पुसून वर पाहिलं. "म्हंजी पाटलाचा गुन्हा न्हाई?"

"नाही."

"म्या त्येला भर चावडीत शिव्या घातल्या. अन् हरणीला सांगून ठिवलं हुतं, म्या दारात येत न्हाई तवर तुजा मालक खुशाल हाय असं समज. त्या भरवशावर पोरगी हसत पान्याला जायाची."

विनोदिनीची मान वर होईना. "मारा मला, रंगूबाई."

"मारून तिचं कपाळ सांधतंय व्हय?"

विनोदिनीनं पिशवीतून कागद काढला. रंगूबाईचं त्या दिवशीचं बोलणं आठवून, तिला विचारत विचारत, शब्दन् शब्द लिहिला. पान भरलं. मग शाईची डबी उघडून पुढं केली. रंगूबाईनं अंगठा मुठीत मिटून घेतला.

"आदी वाचा."

विनोदिनीनं डोळे पुसले आणि कागद समोर धरला.

"हितं न्हवं," रंगूबाई उठली, लुगड्याला चिकटलेले हुलगे तिनं झटकले. "हरणीच्या घरी चला. तिच्याम्होरं वाचा. ती व्हय म्हनली, तर अंगठा."

आणि ती पुढं चालायला लागली. विनोदिनी कागद घेऊन तिच्या मागं निघाली.