एकेचाळीस गल्ल्या

"अहो, डावीकडे! डावीकडे म्हटलं ना मी!"

चिंतामणींनी करकचून ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा हिंदीतून उद्धार केला आणि गाडीला जवळजवळ घासून तो पुढे निघून गेला.

"इथे गल्ली नाहीये, मालिनी. दुकान आहे. फर्निचरचं."

"दुकानाच्या कडेनं आहे. दिसत नाही, पण आहे. आत तीन बराकी. अठराशे चार, अठराशे पाच आणि मग एकदम अठराशे अकरा."

"आणि मधल्या?"

"त्या नाल्यापलीकडे. सगळ्यांना वाटतं पाचानंतर सहा येणार. नवी नर्स हमखास चुकायची!" मालिनीबाई खुशीत हसल्या.

दुकानाच्या कडेला खरंच गल्ली होती. सोफ्यांचे सांगाडे आणि फोमच्या गुंडाळ्या यांच्यामधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी. गाडी शिरण्याचा प्रश्नच नव्हता. चिंतामणींनी ती रस्त्याकडेला लावली, काचेवर चिकटवलेला जीपीएस उपटून एका हातात घेतला, दुसऱ्या हातात बायकोचा हात धरला आणि दोघं आत शिरले. आरतीचं तबक न्यावं तसं ते यंत्र पुढे धरून चाललेला सत्तरीचा माणूस पाहून फोम कापणारी पोरं हसली. हसू देत. चिंतामणींना त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं.

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या निर्वासितांच्या मूळच्या बराकी कधीच पडल्या. त्यांच्या जागी चार-चार मजले उभे राहिले, पण पत्ता अजून बराकीच्या नंबराचाच. तो नंबर नेमका कुठून कुठपर्यंत हे जुन्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नाही. मालिनीबाईंना ठाऊक होतं. एकोणतीस वर्षं त्यांनी दारोदार जाऊन इथल्या बाळांना लस दिली होती. आता मात्र त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. चहात साखर दोनदा पडायची, पुण्याच्या लेकीचं, राजसीचं नाव ओठांवर येऊन अडायचं. बराकी तेवढ्या पक्क्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, "जुनं शेवटी जातं. पण जातं. वर्षभर धरा."

त्याच आठवड्यात चिंतामणींनी ड्रॉवरमध्ये पडून असलेला गाडीचा जीपीएस बाहेर काढला. राजसीने तो त्यांना निवृत्तीच्या वेळी दिला होता. गाडी जिथून जाईल तिथली रेघ तो साठवून ठेवी. राजसीनेच त्यांना खुल्या नकाशाबद्दलही सांगितलं होतं. तो कुणा कंपनीचा नाही. तुमच्याआमच्यासारखी माणसं आपापले रस्ते त्यात भरतात आणि कुणीही तो फुकट वापरावा. चिंतामणींनी त्यात कॅम्प चार उघडून पाहिला. मोठे रस्ते होते. आत सगळं कोरं. आपल्या बायकोची एकोणतीस वर्षं तिथे कोरी पडली आहेत, असं त्यांना वाटलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

लाज वाटायला कारण होतं. चौतीस वर्षं ते अंबरनाथच्या फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसात होते. ऑफिसात त्यांच्या रेघेचा दरारा होता. आणि घरी? संध्याकाळी धुळीने भरलेले पाय घेऊन बायको दारात आली की हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "झाली का गावभर भटकंती?" विनोद म्हणून म्हणायचे. कुठे गेली होतीस, असं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

म्हणून आता हे सगळं. मालिनीबाईंच्या डोक्यातल्या गल्ल्या पुसल्या जाण्याआधी नकाशावर आणायच्या, एवढं एकच काम त्यांनी हाती घेतलं होतं.

पहिल्या दिवशी यंत्राने त्यांना भारी छळलं. पडद्यावरचा बाण जागेवर ठरेना. गाडी रस्त्यावर आणि बाण घरांतून! मालिनीबाईंना हसू आवरेना. "बघा, शेवानींच्या बेडरूममधून चाललोय आपण." घरी येऊन पाहतात तर रेघ अशी, की दारूच्या गुत्त्यावरून परतलेल्या माणसाने काढावी. चिंतामणींच्या जिवाला ते लागलं. वाकडी रेघ त्यांना आयुष्यात सोसली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरले आणि अर्ध्या तासाने त्यांना 'लॉक ऑन रोड' नावाचं एक बटण सापडलं. ते चालू केलं आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवशीपासून रेघ कशी पट्टीने ओढल्यासारखी! त्या दिवशी चिंतामणी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

चार महिन्यांत एकेचाळीस गल्ल्या झाल्या. फिरताना पडद्याकडे बघायला वेळ नसे. मालिनीबाई बराकीचे नंबर सांगत आणि चिंतामणी वहीत लिहीत. वळणं लिहीत नसत. वळणं यंत्र लिहीत होतं ना! कधी मालिनीबाई गल्लीच्या तोंडाशी थबकत, कपाळाला आठ्या घालत, मग "हां, हीच" म्हणत. ते थबकणं हळूहळू लांबत चाललं. पावसाळा सरताना एका गल्लीपाशी त्या दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घरी जाऊ या का?" चिंतामणी म्हणाले, पुरे आता. एकेचाळीस पुष्कळ झाल्या.

त्या रविवारी देवदत्त घरी आला. बदलापूरच्या बँकेत नोकरीला, पंचेचाळिशीचा, आणि या खुल्या नकाशाच्या कामातला मुरलेला माणूस. सोनिवलीची सगळी नवी वसाहत त्यानेच एकट्याने नकाशावर आणली होती. चिंतामणींची त्याच्याशी ओळख फोनवरची. लॅपटॉपवर त्यांच्या रेघा उघडून त्याने एकेक मोठी करून पाहिली.

"काका, या सगळ्या मेन रोडवर पडल्यात हो."

"असं कसं? आम्ही आत होतो. चालत होतो."

"तुम्ही आत होतात, यंत्र बाहेर होतं. लॉक चालू होतं ना? त्याच्या पोटात कंपनीचा नकाशा असतो. त्याला वाटतं, गाडी म्हणजे रस्त्यावरच असणार. मग ते तुम्हाला ओढून जवळच्या रस्त्यावर ठेवतं. गल्ली त्याला माहीतच नाही." देवदत्तने आवाज खाली आणला. "आणि मुख्य म्हणजे काका, ही रेघ तुमची नाहीच. कंपनीची आहे. आपल्याला खुल्या नकाशात घेता येत नाही."

"पण ती हलत होती हो. फार हलत होती. म्हणून मी…"

"थोडी हलणारच. ती हलते तेव्हाच खरी असते."

चिंतामणींनी वही उघडली. एकेचाळीस पानं. बराकींचे नंबर ओळीने, सुंदर अक्षरात, आणि कुठला नंबर कुठे, हे एकाही पानावर नाही. आतल्या खोलीत मालिनीबाई खिडकीचा पडदा उघडत होत्या, पुन्हा लावत होत्या. देवदत्त "सॉरी काका" म्हणाला. त्याचा काय दोष! दोष कुणाचा हे चिंतामणींना पक्कं ठाऊक होतं. चौतीस वर्षं ज्या गुणाचं कौतुक झालं, त्याच गुणाने त्यांचा घात केला होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लॉक बंद केलं आणि गाडी काढली. त्या दिवशी, पुढच्या दिवशी, असे पंधरा दिवस. दोन-तीन गल्ल्या त्यांच्या त्यांना सापडल्या, पण आत कुठली भिंत कुठल्या बराकीची हे सांगणारी एकच होती आणि ती शेजारच्या सीटवर हात मांडीत घेऊन बसलेली असे. "इथून कुठे गं?" विचारलं की मालिनीबाई म्हणत, "मला नाही बाई माहीत." परक्या बाईने परक्या गावात सांगावं, तसं.

मग एका सकाळी त्यांनी स्वतःच गाडीचं मागचं दार उघडलं आणि पर्स मांडीवर घेऊन मागे बसल्या.

"चला हरिचंद्र. उशीर झालाय आज."

हरिचंद्र म्हणजे दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. तो जाऊन दहा वर्षं झाली होती. चिंतामणी क्षणभर दार धरून तसेच उभे राहिले. 'अगं, मी आहे' हे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आले.

"चला, सिस्टर," ते म्हणाले.

रेल्वेच्या फाटकाला गाडी थांबली तेव्हा मागून आवाज आला, "हरिचंद्र, घरी विचारतात का हो तुम्हाला, आज कुठे गेलात म्हणून?"

"विचारतात की."

"नशीबवान आहात. आमचे हे नाही विचारत कधी. मी मनात सगळं तयार ठेवते सांगायला. कुठली गल्ली, कुणाचं बाळ. भाजी चिरताना वाटतं, आता विचारतील." जरा वेळाने त्या म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो. विचारत नाही, एवढंच."

फाटक उघडलं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. चिंतामणींना समोरचं नीट दिसेना. बाहीने डोळे पुसून त्यांनी गिअर टाकला.

"आज कुठली गल्ली, सिस्टर?"

मालिनीबाई सावरून बसल्या. "पिठाच्या गिरणीमागची. चला, दाखवते."

आणि त्यांनी दाखवली. गाडीतून उतरून त्या भराभर पुढे निघाल्या, यंत्र घेऊन चिंतामणी मागे. एक दार, मग समोरचं दार, मग पुन्हा अलीकडचं. "सतराशे साठ. ही एकसष्ट." तिसऱ्या दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. तिने वर पाहिलं आणि सूप बाजूला सारून उठलीच.

"अगंबाई, नर्सबाई! किती वर्सांनी! मी राजाबाई. माझ्या कैलासला तुम्हीच सुई दिलेली, याद हाय का?"

"ताप येईल रात्री," मालिनीबाई म्हणाल्या. "घाबरू नका. अर्धी गोळी द्या."

कैलास आता चाळिशीला आला असणार. राजाबाईने मालिनीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे उभ्या चिंतामणींकडे, आणि तिला कळायचं ते कळलं. तिने नर्सबाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"देते, बाई. अर्धीच देते."

ती एकच गल्ली झाली. पुढच्या सोमवारपासून मालिनीबाई गाडीत बसेनात. गाडी पाहिली की घाबरू लागल्या. चिंतामणींनी आग्रह केला नाही.

आठवडाभराने त्यांनी ती रेघ उघडली. रेघ हलत होती. भिंतींतून जात होती, एका दाराशी जाऊन थांबत होती, परतत होती, समोरच्या दाराशी जात होती. राजाबाईच्या दारात तिचा गुंता झाला होता. चिंतामणींनी तिला हात लावला नाही. तिच्यावरून त्यांनी नकाशात गल्ली काढली, दोन्ही बाजूंना बराकींचे नंबर लिहिले आणि मालिनीबाईंना हाताला धरून पडद्यासमोर बसवलं.

"छान आहे," मालिनीबाई अदबीने म्हणाल्या. "कुणी काढलंय?"

"तुम्हीच, सिस्टर. तुम्ही चाललात, ते आहे हे."

"इश्श! मला कुठलं येतंय! हे आमच्या ह्यांचं काम. फॅक्टरीत ड्रॉइंगला असतात. त्यांना दाखवा, ते सांगतील बरोबर आहे का."

"दाखवतो."

मालिनीबाईंनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, मग दाराकडे. "पण त्यांना वेळ असेल तरच हं, हरिचंद्र. कामात असतात."

चिंतामणींनी खुर्ची ओढली आणि ते त्यांच्याशेजारी बसून राहिले.