उरलेले तुकडे

माझ्या थोरल्या भावाचा फुटबॉल शिवायचा कारखाना आहे, आणि पृथ्वी सपाट आहे असं तो मानतो. दिवसभर गोल शिवायचं आणि जेवताना सपाट बोलायचं. मी त्याच्याच हाताखाली सुई चालवते, म्हणून सगळे मला गप्प बसायला सांगतात. नाही बसणार.

त्याच्या मुलीला भूकंपांचा अभ्यास करायला दूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. दादा आधी भूकंप घडवणारे भूपट्ट वगैरे काही मानायलाच तयार नव्हता. मग मोबाइलवर कुठल्याशा दीडशहाण्याचं ऐकून म्हणायला लागला, भूपट्ट सरकतात, कबूल; पण टेबलावर पत्ते सरकावे तसे, सपाटावरच. पोरीने एवढं मान्य करावं आणि खुशाल जावं. ती म्हणाली, खोटं मान्य करून नाही जाणार.

तिने एका पांढऱ्या बॉलवर जगाचा नकाशा काढला, भूपट्टांच्या कडा लाल शाईने आखल्या आणि बापापुढे ठेवला. म्हणाली, हा उसवून सपाट शिवून दाखवा. जमलं तर जन्मभर इथे बॉल शिवेन.

बॉलमध्ये सहा बाजूंचे तुकडे असतात आणि पाच बाजूंचे. नुसते सहा बाजूंचे जोडले तर चादर होते. पाच बाजूंचा मध्ये आला की चामडं वर उठतं. गोलाई येते ती त्यांच्यामुळे. दादाला हे झोपेतही ठाऊक. त्याने पाच बाजूंचे तेवढे बाकाखाली टाकले आणि उरलेल्यांची चादर शिवून पसरली. कुठे सुरकुती नाही.

"बसली सपाट," तो म्हणाला. "सामान काढ बॅगेतून." कारागीर हसले. एका आगाऊने तिच्यासाठी स्टूलसुद्धा पुसलं.

तिने वाकून बाकाखालचे तुकडे गोळा केले आणि टेबलावर ओतले. चादरीवरच्या लाल रेषा जागोजाग अर्धवट तुटल्या होत्या. एकाही भूपट्टाला धड कड उरली नव्हती.

"यातल्या एका तुकड्यावर आपलं घर आहे, बाबा. तो कुठे शिवता?"

दादाने चिडून चादर मध्येच उसवली, घराचा तुकडा घातला, शेजारचे ओढून टाके आवळले. चामडं पालथ्या वाटीसारखं वर आलं. त्याने तळहाताने दाबलं. हात काढला की पुन्हा वर. चामडंच वाईट आहे, म्हणाला. कारागिरांच्या माना खाली गेल्या. चामडं तो स्वतः पारखून घेतो.

"थोडं जुळवून घ्यावं लागतं," तो दाबत म्हणाला.

"मी नाही घेणार."

तिने बॅग उचलली. तो थांब म्हणाला, पण जागचा हलला नाही. हलला असता तर उंचवटा सगळ्यांना दिसला असता. तो तसाच दाबून उभा राहिला आणि पोरगी त्याच्या समोरून दाराकडे निघाली. मी सुई ठेवली आणि तिच्या बॅगेचा एक बंद धरला. कामावरून काढेन, असं तो मागून म्हणाला.

काढ म्हटलं.