दोन मिनिटांचा थांबा

लॉकडाऊनमध्ये बंद झालेलं आमचं मोरदरी स्टेशन परवा पुन्हा उघडलं. तेही सहा महिन्यांपुरतं. तिकिटं खपली तरच गाडी पुढेही थांबणार.

मला नाशिक गाठायचंच होतं. माझ्या तीन वर्षांच्या यशूच्या हृदयाला छिद्र आहे आणि तिला तपासणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच मुंबईहून येतात. मागच्या खेपेला जीप, मग बस, मग ट्रॅफिक. आम्ही पोचलो तेव्हा ते निघून गेले होते.

प्लॅटफॉर्मवर अख्खं गाव लोटलेलं. हलगी, झेंडूचे हार, पेढे. थांबा समितीचे खंडेरावकाका फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे.

"सूनबाई, फोटोत ये की!"

"काका, मला चढायचंय. दोनच मिनिटं थांबते ती."

"अगं, आपल्यासाठीच थांबणार हाय. घाई कसली?"

गाडी आली. काका हार घेऊन इंजिनाकडे पळाले आणि पोरं दारादारात चढून सेल्फी काढायला लागली. "जरा सरका ना," मी ओरडत होते. हलगीपुढे माझं कोण ऐकतंय! प्लॅटफॉर्म बुटका, डब्याची पायरी उंच, कडेवर यशू. आतून एका बुरखेवाल्या बाईंनी हात पुढे केले.

"बच्ची इधर दे, बेटा. तू चढ."

मी यशूला दिलं, दांडा धरला. तेवढ्यात भोंगा झाला, आणि दारातली सगळी पोरं एकदम खाली उड्या मारत माझ्यावरच आली. हात सुटला. गाडी हलली.

"मम्मी!"

मी धावत सुटले. "चेन ओढा! कुणीतरी चेन ओढा!"

"चेन नको!" काका मागून ओरडले. "पहिल्याच दिवशी? थांबा जाईल आपला! पुढच्या स्टेशनावर उतरवतील पोरीला, मोटारसायकल पाठवतो!"

दार पुढे पुढे जात होतं. रडायला लागली की यशूचे ओठ निळे पडतात, हे त्या बाईंना कुठे माहीत?

मग फुस्स झालं आणि गाडी थांबली.

मी कशी चढले, आठवत नाही. यशू त्या बाईंच्या खांद्याला चिकटली होती. मी आधी तिचे ओठ पाहिले. गुलाबी होते.

"मैंने खींची," त्या बाईंनी, सकीनाआपांनी (नाव मागाहून कळलं), आलेल्या गार्डला सांगूनही टाकलं.

"कारण?"

"प्रवासी खाली राहिला होता," मी तिकीट पुढे केलं.

खाली काका धापा टाकत पोचले. "नाक कापलंस गावाचं!"

"काका, तुमच्यातल्या कुणी तिकीट काढलंय?"

हलगी थांबली होती. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गार्डने माझं तिकीट परत दिलं आणि तो मागे आपल्या डब्याकडे गेला.

गाडी सुटली. यशूला घट्ट धरून मी दारापासून लांब बसले. खिडकीशेजारून काका फेटा सावरत चालत होते.

"सूनबाई, येताना पण रेल्वेनंच ये हां," ते म्हणाले. "जीपनं नको येऊ."