खालच्या रानातलं गवत

अमारोनं गवत पाठवलं तेव्हा डेल्फिनाला वाटलं, दीर अखेर नमला. नवरा गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. टेकडीवरचा झरा असलेला जमिनीचा तुकडा नवरा तिच्या नावे करून गेला होता आणि अमारोला तो हवा होता. तिनं दिला नाही. तरीही हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं ट्रकभर गठ्ठे तिच्या तबेल्यात उतरवले. "घोड्यांना होईल," एवढंच म्हणाला.

वसंत लागला आणि मोरेना बिघडली. घोडीच्या हिरड्या पिवळ्या पडल्या. दिवसभर ती कुंपणाला कपाळ दाबून उभी राही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिव्हर गेलंय. फिडलनेकचं विषारी तण पोटात गेलंय हिच्या, तेही बरेच महिने."

"घोडं त्याला तोंड लावत नाही."

"हिरव्याला नाही लावत. गवतात वाळून आलेलं खातं."

डेल्फिनानं एक गठ्ठा फोडला. विंचवाच्या नांगीसारखे वळलेले वाळके तुरे हाताला लागले, त्यांची काटेरी लव बोटांत शिरली. बाहेर तेच तुरे ओले, नारिंगी होऊन उतारभर पसरले होते आणि शहरातली माणसं गाड्या थांबवून फोटो काढत होती. अमारोच्या खालच्या रानात तर हे तण दरवर्षी माजायचं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्या घरात असलं गवत जनावराला घालू नये हे कोणाला सांगावं लागत नव्हतं.

ती अमारोच्या गोठ्यात गेली तेव्हा तो यंत्रानं गाईंच्या धारा काढत होता.

"ते गवत खालच्या रानातलं होतं?"

"फुकट घेताना नाही विचारलंस."

"तुझ्या गाईंना घातलंस?"

तो सडांच्या नळ्या काढत राहिला.

"अमारो, तुला विचारतेय."

"नाही घातलं." मग मान वर करून म्हणाला, "झरा दिला असतास तर चांगलं गवत आलं असतं, वहिनी."

"चल. मोरेना आता वाचत नाही, तिला आज सुई देऊन मारायचंय. दोर तू धरायचा."

"डोकं फिरलंय तुझं. तुझी घोडी, तू धर."

"नको येऊस. रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या अंगणात हेच विचारीन. यंदा फेस्टाच्या उत्सवाचा अध्यक्ष आहेस ना? सगळे ऐकतील."

तो आला. डॉक्टरीणबाई सुई भरत होत्या तेव्हा मोरेनानं समोर आलेल्या अमारोच्या छातीत कपाळ खुपसलं आणि जोर लावला. तो मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. डेल्फिना दारात उभी होती. तिनं त्याला सोडवलं नाही.

घोडी कोसळली तेव्हा दोर त्याच्या मनगटाला काचला.

"मरेल असं वाटलं नव्हतं मला," तो म्हणाला.

"आजारी पडेल असं वाटलं होतं?"

तो मनगटावरचा दोर सोडवू लागला. म्हणाला, "ट्रॅक्टर आणतो. खड्डा तरी काढून देतो."

"दोर खाली ठेव आणि नीघ. पुन्हा या जमिनीवर पाऊल टाकू नकोस."

तो गेला. डॉक्टरीणबाई निघायच्या बेतात होत्या. डेल्फिनानं त्यांना थांबवलं आणि तेच गवत खाल्लेल्या उरलेल्या दोन घोड्यांच्या हिरड्या बघायला नेलं.