हट्टी कॅमेरा

आमच्या घरात अंगठा हा शब्द बंद आहे. रसायनीच्या एका कारखान्यात मशीनमध्ये सापडून विपुलदादाचा उजवा अंगठा गेला, दादा दवाखान्यातून घरी आला, आणि कुणी काही ठरवलं नसतानाही सगळ्यांनी हा नेम पाळायला घेतला. रेशन आणायला आई त्याला पाठवत नाही, कारण तिथल्या मशीनवर अंगठा लावावा लागतो. त्याच्या ताटात मासळी येते ती काटे काढूनच. शर्टांची बटणं कापून तिनं टिचबटणं लावली, आणि त्यानं विचारल्यावर म्हणाली, हल्ली अशीच फॅशन आहे. खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं.

धाकटा हर्षद आईच्याही पुढे गेला. तो कर्जतला घरीच बसून व्हिडिओ गेम बनवतो. सध्याचा गेम दोघा भावांचा. कोंडाण्याच्या लेण्यांसारखी लेणी, भोवती रान, आणि हरवलेली शेळी शोधत हिंडणारी अंबूबाई. हर्षद गेम बांधणार आणि दादा खेळून त्यातल्या चुका काढणार, अशी वाटणी. कारखाना सुटल्यापासून दादाला तेवढंच एक काम उरलं होतं.

या गेममध्ये कॅमेरा अंबूबाईच्या पाठीमागे चार हात अंतर ठेवून चालतो. गेमपॅडवर दोन छोट्या स्टिक असतात. डावी तिला चालवते, उजवी कॅमेरा तिच्याभोवती फिरवते. दोन्ही अंगठ्यांनी फिरवायच्या असतात. इथंच सगळं अडलं.

दिवाळीत हर्षदनं गुपचूप कॅमेऱ्याची बांधणी बदलली. अंबूबाई जिकडे वळेल तिकडे तो आपोआप तिच्या पाठीशी येऊन थांबायला लागला. उजव्या स्टिकला हात लावायची गरजच उरली नाही. हे त्यानं फक्त मला, बहिणीला, सांगितलं, आणि सांगताना त्याचे डोळे भरले होते. मलाही तेव्हा त्याचं कौतुक वाटलं.

मग पुण्याच्या ज्या कंपनीकडे गेम पाठवला होता तिचं उत्तर आलं. गेम आवडला, पण कॅमेरा हट्टी आहे. आम्ही बाजूला बघायला जातो आणि तो ओढून परत पाठीमागे नेतो. तेवढं काढा, मग बोलू. हर्षद डोकं धरून बसला. काढलं तर दादा खेळणार कसा, आणि ठेवलं तर गेम विकणार कोण? इकडे आड, तिकडे विहीर. दादाला त्यानं एवढंच सांगितलं की कंपनी अजून विचार करतेय.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. दादानं मान खाली घालून सांगितलं की खालापूरजवळच्या एका गोदामात वॉचमनची जागा आहे, उद्यापासून जातोय. गेममध्ये आपला काही उपयोग नाही, हर्षदनं दुसरा कुणी बघावा. आई म्हणाली, बरंच झालं, सावलीतलं काम आहे. मी हर्षदकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"दादा, तुजा अंगठा गेलाय म्हणून हर्षदनं कॅमेरा आपोआप फिरंल असा केलाय," मी म्हणाले. "त्याच्यापायीच कंपनी अडून बसलीय. तुला कुणी सांगितलं नाय."

आईचा हात भाताच्या पातेल्यातच राहिला. दादा ताट ढकलून उठेल असं मला वाटलं. त्यानं हर्षदकडे बघत फक्त विचारलं, "म्हंजे तो मागं ओढतो, ते तू केलंयस?"

हर्षद चपापला. उजव्या स्टिकला हातच लावत नसेल तर कॅमेरा मागे ओढतो हे दादाला कळावं कसं?

दादानं हात धुतला, खुर्चीत बसला, लॅपटॉपवर गेम लावला, गेमपॅड गुडघ्यावर टेकवला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वाकवून स्टिकवर ठेवलं. त्या बोटाच्या कडेला घट्टा पडला होता. इतके दिवस शेजारी बसून जेवत होतो, आमच्यापैकी एकानंही तो पाहिला नव्हता. घरात कुणी नसताना तो बोटानं कॅमेरा फिरवायला शिकत होता. फिरवला की कॅमेरा घसरून परत अंबूबाईच्या मागे.

"मला वाटलं, बोटच ऐकत नाय," तो म्हणाला. "कधीपासनं केलंयस रं?"

"दिवाळीपासनं."

"दिवाळीपासनं मी या बोटाला शिव्या घालतोय."

हर्षदनं डोळे पुसत लॅपटॉप ओढला आणि ते आपोआप फिरणं बंद केलं. दादानं स्टिक ढकलली तसा गेमपॅड गुडघ्यावरून निसटला. हर्षद आणि आई एकदमच पुढे धावले.

"हात लावू नका," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. स्वतःच उचलला, परत टेकवला.

कॅमेरा गचके खात फिरायला लागला. एकदा तो लेण्याच्या भिंतीला आपटला. मग हळूहळू वळत अंबूबाईच्या पुढ्यात आला आणि तिथंच थांबला. दादा बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आईनं हळूच विचारलं, उद्याचं काय. उद्याचं मी बघतो, म्हणाला.

तो परत ताटावर येऊन बसला. काटे काढलेली मासळी त्यानं एका बाजूला सारली.

"आई," तो म्हणाला, "मला काटे असलेला तुकडा वाढ."